मजुरी, मुजोरी आणि हिशोबपट्टी

‘मजुरी’ या शब्दात व्यंजनं तीनच. म, ज आणि र. त्यांना काना, मात्रा, वेलांटी, उकार लावत गेलं की रोज, रोजी, जोर, राजा, मोर, मजूर, मुजरा असे शब्द हाताशी येतात. नाशिक जिल्ह्यातल्या पेठ-सुरगाण्याकडच्या बायकांच्या साक्षरता वर्गात या अक्षरांचे पत्ते सतरंजीवर मांडले आणि ‘जुळवा बघू’ म्हणून शिकवणारा गप्प बसला, तर यांच्याच जोडीला आणखी एक शब्द जुळण्यासारखा आहे. मुजोरी. हा शब्द बायकांनी पुस्तकात वाचलेला नसतो, बांधावर ऐकलेला असतो. दहा रुपये वाढवून मागितले की मागणारीला जे ऐकवतात, ते हे. मजुरीतला उकार ‘ज’वरून ‘म’वर सरकतो, ‘ज’ला ओकार मिळतो, आणि हक्काचा शब्द शिवी होतो. हे एका बाईने स्वतःच्या बोटाने पत्ते सरकवून पाहिलं की तिला वाचायला येणं आणि तिला प्रश्न पडणं या दोन गोष्टी एकाच क्षणी घडतात.

चिकित्सक शिक्षणशास्त्र (क्रिटिकल पेडॅगॉजी) या जड नावाखाली जे आहे, ते एवढंच आणि इतकं मोठं आहे.

नाव जड असल्यामुळे त्याचा एक तोटा झाला. बी.एड.च्या पेपरात पाच मार्कांची टीप म्हणून ते पाठ केलं जातं आणि वर्गात कधी उतरतच नाही. २००५ च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यात त्याचा स्वच्छ उल्लेख आहे, प्रशिक्षणांत स्लाइड असते, पण सोमवारी सकाळी सातवीच्या वर्गात नेमकं काय करायचं हे कुणी सांगत नाही. म्हणून ही पोस्ट. नाशिक जिल्ह्यातलं साहित्य घेऊन, पायरीपायरीने, आणि कुठे कुठे पाय घसरतो तेही.

थोडं मूळ सांगायला हवं. हा विचार मांडणारे शिक्षणतज्ज्ञ पाउलो फ्रेरे ब्राझीलच्या ईशान्येतले, रेसिफे शहरातले, जन्म १९२१ चा. १९६३ मध्ये अंगिकोस नावाच्या गावात त्यांच्या पद्धतीने सुमारे ३०० कष्टकऱ्यांना ४० तासांच्या वर्गांत लिहिण्या-वाचण्याची सुरुवात करून देण्यात आली. तेव्हा ब्राझीलमध्ये निरक्षराला मतदानाचा हक्क नव्हता. तो मिळायला १९८५ उजाडलं. त्यामुळे वाचायला शिकलेला मजूर हा थेट नवा मतदार होता. १९६४ मध्ये लष्कराने सत्ता घेतली, फ्रेरे तुरुंगात गेले आणि मग देशाबाहेर. अक्षरओळखीच्या वर्गाची सत्तेला इतकी धास्ती का वाटावी, याचं उत्तर त्यांच्या शब्दनिवडीत आहे. ते ‘तिजोलो’पासून, म्हणजे विटेपासून सुरुवात करत. वीट रचणाऱ्या माणसाला वीट हा शब्द फोडून ता-ते-ति-तो-तु, जा-जे-जि-जो-जु अशी अक्षरकुळं दाखवायची, त्यांतून त्याने नवे शब्द बांधायचे, आणि मधल्या वेळात बोलायचं ते हे की विटा आपण रचतो तर घर कुणाचं उभं राहतं.

ज्या शिक्षणाला ते विरोध करत होते त्याला त्यांनी बँकेची उपमा दिली. शिक्षक ठेव ठेवतो, मूल ती सांभाळतं, परीक्षेला काढून देतं. खातं मुलाच्या नावावर असलं तरी पैसा त्याचा नाही.

आपल्याकडे हा विचार परका नाही, आणि हे मी अभिमानाच्या भरात म्हणत नाही. जोतीराव फुल्यांनी १८८२ मध्ये हंटर शिक्षण आयोगापुढे दिलेल्या निवेदनात विचारलं होतं की सरकारचा महसूल रयतेच्या घामातून येतो, मग शिक्षणावरचा खर्च वरच्या वर्गांच्या वाट्याला का जातो. हा हिशोबाचाच प्रश्न आहे. त्याच्याही आधी, १८५५ मध्ये, फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात छापून आला. स्वतःच्या समाजाची स्थिती शाळकरी मुलीने स्वतः मांडायची आणि ती चारचौघांपुढे ठेवायची, ही रीत महाराष्ट्रात फ्रेऱ्यांच्या जन्माआधी सहासष्ट वर्षं घडलेली आहे.

आता सर्वांत मोठा गैरसमज. अन्यायाबद्दल शिकवणं म्हणजे चिकित्सक शिक्षण, असं पुष्कळ तळमळीच्या शिक्षकांनाही वाटतं. ते चाळीस मिनिटं जातिव्यवस्थेवर पोटतिडकीने बोलतात, मुलं मान डोलावतात, आणि परीक्षेत ‘जातिव्यवस्था वाईट आहे’ असं लिहून देतात. ठेव बदलली, बँक तीच राहिली. माझ्या मते कसोटी दोनच गोष्टींची: प्रश्न कुणी उभा केला, आणि उत्तर कशाच्या आधारे तपासलं. प्रश्न शिकणाऱ्याचा नसेल तर ते प्रवचन. उत्तर तपासलेलं नसेल तर त्या चावडीवरच्या गप्पा. दोन्ही जागी शिक्षकाला काम आहे, आणि ते भाषण देण्यापेक्षा बरंच जास्त आहे.

शब्द वेचण्यापासून सुरुवात

मोठ्यांच्या साक्षरता वर्गापासून सुरू करते, कारण पद्धतीचा सांगाडा तिथे उघडा दिसतो. नवभारत साक्षरता कार्यक्रमात १५ वर्षांपुढच्या निरक्षरांना शिकवायला स्वयंसेवक लागतात, त्यांतल्या कुणालाही हे करता येईल.

वर्ग सुरू करण्याआधी दोन-तीन आठवडे फक्त ऐकायचं. हातपंपावर, रेशनच्या रांगेत, सकाळी मजूर भरायला येणाऱ्या पिकअपजवळ. पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वरकडची माणसं दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत ऑक्टोबरच्या छाटणीपासून कामाला उतरतात. गिरणाऱ्याला मजुरांचा बाजारच भरतो. तिथलं बोलणं ऐकून साठ-सत्तर शब्द वहीत उतरवायचे. त्यांतून पंधरा ते सतरा निवडायचे. याहून जास्त नकोत. निवडताना तीन चाळण्या लावायच्या.

पहिली चाळण ध्वनींची. सगळे शब्द मिळून मराठीतली बहुतेक व्यंजनं यायला हवीत. दुसरी अवघडपणाची: पाणी, मजुरी, विहीर, जमीन, रोप हे आधी, कारण त्यांत जोडाक्षर नाही. मग अनुस्वाराचे, कांदा आणि अंगठा. शेवटी कर्ज, हक्क, व्याज, रेशनकार्ड. रफार आणि जोडाक्षर पहिल्या आठवड्यात आणलं की चांगली शिकणारी बाईसुद्धा ‘माझ्या डोक्यात शिरत नाही’ म्हणून घरी बसते. तिसरी चाळण वजनाची. शब्द उच्चारल्यावर गटाकडे सांगण्यासारखं काही आहे का? ‘कमळ’ हा शब्द फार सोपा आहे, पण त्यावर कुणाचंच काही म्हणणं नसतं. ‘अंगठा’ त्याच्यापेक्षा कठीण आहे आणि त्यावर अख्खी रात्र पुरत नाही.

पुढचं काम चित्राचं. प्रत्येक शब्दाला एक चित्र, अर्ध्या ड्रॉइंग पेपरवर, काळ्या शाईत, त्यावर एकही अक्षर नाही. ‘मजुरी’साठी समजा द्राक्षाची बाग: चार बाया छाटणी करताहेत, एक पुरुष वही घेऊन उभा आहे, मांडवाला बांधलेल्या झोळीत मूल आहे. फोटो वापरू नये. फोटो पाहिला की ‘ही कुणाची बाग’, ‘हा तर अमक्याचा भाऊ’ असं ओळखणं सुरू होतं आणि चर्चा एका माणसावर अडकते. चित्रात दुष्ट चेहराही काढू नये. मिशीवाला मालक आणि रडणारी मजूर असं काढलं की उत्तर चित्रातच देऊन टाकलं. मग गटाला शोधायला काही उरत नाही.

बैठक दीड तासाची, बारा ते पंधरा माणसं, गोलात, शिकवणारीही खालीच. खुर्ची घेतली की बाया तिच्याकडे बघून बोलतात, एकमेकींकडे बघून नाही. पहिली दहा मिनिटं येण्या-बसण्याची. मग अर्धा तास चित्र. प्रश्न याच क्रमाने: चित्रात काय काय दिसतं? असं कुठे पाहिलंय? हे असं का आहे, कोण ठरवतं? वेगळं कसं असू शकेल? पहिल्या प्रश्नाला घाई करू नये. ‘बाई आहे, कात्री आहे, वही आहे’ असं नुसतं मोजून घेताना ज्या कधीच बोलत नाहीत त्याही बोलतात, कारण इथे चुकायची भीती नाही. थेट ‘का’वर उडी मारली की दोघीतिघी धीट असतात त्याच बोलत राहतात.

मग अर्धा तास अक्षरं. लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठी तीन-तीन इंचांच्या कापून पत्ते करावेत. गावात पत्रिकांना तोटा नाही. म, ज, र यांची कुळं मांडायची, पण पूर्ण बाराखडी नाही. अ, आ, ई, उ, ए, ओ एवढीच सहा रूपं पुरतात. बाराखडीची गंमत अशी की ती तालावर पाठ होते, माणूस ‘म मा मि मी’ धडाधडा म्हणतो आणि मधलं एक अक्षर उचलून दाखवलं तर ओळखत नाही. म्हणून पत्ते पिसून, उलटसुलट दाखवायचे. ‘मजूर’मधला जू दीर्घ आणि ‘मजुरी’तला जु ह्रस्व, हा नियम बरोबरच आहे, पण पहिल्या महिन्यात त्यावर लाल शाई नको. बाईने ‘मजुर’ लिहिलं तर तिला वाचता येतंय. ह्रस्व-दीर्घ चौथ्या महिन्यात शिकवलं तरी चालतं, आत्मविश्वास तोवर थांबत नाही.

उरलेला वेळ स्वतःचं वाक्य लिहिण्याचा, आणि शेवटी ते वाक्य गटाच्या वहीत उतरवण्याचा. ही वही जपायची, पुढच्या गटाचा पहिला धडा तीच.

इथे काय बिघडतं? सगळ्यात जास्त बिघडतं ते गटात मुकादमाच्या घरचं कुणी बसलेलं असतं तेव्हा. त्याच्याकडून उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असते, पुढच्या हंगामाचं काम त्याच्याच टोळीत असतं. बाया ‘मजुरी’वर एक शब्द बोलत नाहीत आणि शिकवणाऱ्याला वाटतं यांना काही कळत नाही. ही समजेची कमतरता नाही, तो हिशोब आहे, आणि बरोबर हिशोब आहे. अशा वेळी शब्द बदलावा. ‘पाणी’ घ्या, ‘रेशन’ घ्या. दुसरं, ‘कोण ठरवतं’ या प्रश्नाला ‘नशीब’ असं उत्तर येतं. ते खोडून काढायचं नाही. ‘पलीकडच्या गावात रोज किती आहे?’ एवढंच विचारायचं. दोन गावांतले रोज वेगळे निघाले की नशीब गावाच्या शिवेवर बदलतं का, हे बाया आपसूक एकमेकींना विचारतात. पुरुषाचा रोज किती आणि बाईचा किती, हेही याच ओघात येतं, आणि समान कामाला समान वेतनाचा कायदा देशात १९७६ मध्येच झाला ही माहिती द्यायची वेळ तेव्हाची. आधी दिली तर ती भिंतीवरची घोषणा होते.

सातवीचा वर्ग, कांद्याची पट्टी

आता शाळा. निफाड, चांदवड, येवला, देवळा इथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत सातवीच्या मुलांच्या घरात जो कागद हमखास सापडतो तो म्हणजे बाजार समितीतली हिशोबपट्टी, विकलेल्या मालाचं वजन, भाव आणि कपात लिहिलेली पावती. नफा-तोटा, शेकडेवारी, सरासरी, आलेख हे सगळं त्या एका कागदात आहे, त्यामुळे ‘सिलॅबस कधी पुरा होणार’ ही मुख्याध्यापकांची काळजीही मिटते. चार तासिका धराव्यात.

दोन-तीन जुन्या पट्ट्या मिळवायच्या आणि नाव, गाव, गाडी नंबर कापून मगच झेरॉक्स काढायची. हे सोडू नये. पट्टीवरून कुणाच्या घरात किती आले हे कळतं, आणि कुणाचं कर्ज फिटलं नाही हेही. कुठल्याही मुलाला ‘तुझ्या वडिलांना किती मिळाले?’ असं वर्गात विचारायचं नाही. कधीच नाही.

पहिल्या तासिकेत नुसतं वाचन. समजा माल २२ क्विंटल, भाव क्विंटलला १,२५० रुपये. एकूण २७,५००. त्यातून हमाली, तोलाई, वाराई (माल उचलण्या-उतरवण्याचे आणि तोलण्याचे आकार) मिळून २६० वजा. ट्रॅक्टरचं भाडं २,००० धरलं तर हातात २५,२४०. मुलं हे पटापट करतात. मग त्यांनीच प्रश्न लिहायचे, उत्तरं नाहीत. प्रत्येक गटाने पट्टीला पाच प्रश्न विचारायचे. शिक्षकाने फक्त फळ्यावर उतरवायचे, एकही गाळायचा नाही, सुधारायचा नाही. ‘तोलाई म्हणजे काय’पासून ‘भाव कोण ठरवतं’पर्यंत सगळे.

चाळीस-पन्नास मुलांच्या वर्गात तीच पाच मुलं बोलतात, त्यावर एक साधा उपाय आहे. प्रत्येकाला तीन चिंचोके द्यायचे. बोललं की एक चिंचोका मध्ये ठेवायचा. तीन संपले की ऐकायचं. दहाव्या मिनिटाला धीट मुलांचे चिंचोके संपतात आणि मग जी शांतता पसरते ती शिक्षकाने भरून काढायची नाही. ती शांतता मागच्या बाकांची आहे.

दुसऱ्या तासिकेत ‘हमाली’ची ओळ. या सगळ्या पाठातली माझ्या मते हीच सर्वांत मोलाची जागा, आणि बहुतेक जण ती गणिताची वजाबाकी म्हणून ओलांडून जातात. शेतकऱ्याच्या मुलाला ही ओळ कपात दिसते: आमचे पैसे कापले. पण लासलगाव-पिंपळगावच्या आसपासच्या शाळेत त्याच बाकावर हमालाचंही मूल बसलेलं असतं. त्याच्यासाठी ती ओळ घरातलं पीठ-मीठ आहे. तोच आकडा, एकाचा खर्च, दुसऱ्याचा पगार. ५० किलोची गोणी, दिवसात अशा किती उचलायच्या, पाठीला काय होतं, याचं गणित मांडलं की ‘कापले’ हा शब्द वर्गात अवघडून जातो. माथाडी कामगारांसाठी महाराष्ट्राने १९६९ मध्ये वेगळा कायदा का केला, हे इथे सांगता येतं. आणि मग प्रश्न खरा होतो: शेतकरी आणि हमाल यांचं भांडण त्या २६० रुपयांवर लागलं, तर उरलेल्या साखळीकडे कुणी पाहायचं? नाशिकच्या भाजी बाजारात त्या दिवशी कांदा किलोला काय भावाने विकला जातोय हे मुलांनी नोंदवून आणायचं. शेतकऱ्याला साडेबारा, गिऱ्हाइकाला समजा तीस. मधले साडेसतरा कुठे कुठे गेले? वाहतूक, घट, गोणी, गाळ्याचं भाडं, प्रत्येक टप्प्यावरचा नफा. व्यापाऱ्याचं मूलही वर्गात असतं हे इथे विसरू नये. त्याच्या घरच्या नफ्याबरोबर त्याच्या घरची जोखीमही, कांदाचाळीत सडलेला माल, अडकलेलं पेमेंट, फळ्यावर यायला हवी. एखाद्या मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं की तो पाठ बिघडला, भले निष्कर्ष कितीही बरोबर असो.

भाव कोण ठरवतं याचं एक टोक दिल्लीतही आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातच बंद झाली, मे २०२४ मध्ये बंदी उठली. मुलांनी या तारखा आलेखाच्या आडव्या अक्षावर मांडायच्या, आणि वर लासलगावचे भाव. वर्तमानपत्रात किमान, कमाल आणि सरासरी असे तीन भाव येतात. किमान ५००, कमाल १,८०० आणि सरासरी १,४०० छापलेली दिसली की हुशार मूल लगेच अडवतं: दोहोंची सरासरी तर १,१५० येते. बरोबर आहे. कारण सगळ्या गाड्या सारख्या भावाने जात नाहीत; बहुतेक माल ज्या भावाच्या आसपास विकला गेला तिकडे तो आकडा झुकतो. आणि बातमीच्या मथळ्यात मात्र कमाल भाव येतो, जो कदाचित दोनच ट्रॉल्यांना मिळाला असेल. आकडा खोटा नसतानाही चित्र खोटं कसं उभं राहतं, याचा यापेक्षा चांगला धडा पाठ्यपुस्तकात मला दिसलेला नाही.

तिसरी तासिका पट्टीत नसलेल्या ओळींची. बियाणं, रोप, खत, औषध, वीज, लागवडीचं उक्तं, काढणी, काटणी. मुलं घरून विचारून एकरी खर्चाची यादी करतात. यादी झाली की एकच प्रश्न: आईचं काम कोणत्या ओळीत आहे? बाहेरची बाई लागवडीला आली तर तिचा रोज लिहिला जातो. घरची बाई त्याच वाफ्यात तेवढेच तास वाकलेली असते आणि तिच्यापुढे शून्य. तिचे दिवस मोजायचे, गावातल्या रोजाने गुणायचे, खर्चात मिळवायचे. २५,२४० मध्ये नफा होता की नव्हता, हे तेव्हा कळतं. याच जिल्ह्यात चांदवडला नोव्हेंबर १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं शेतकरी महिला अधिवेशन भरलं होतं, प्रचंड संख्येने बाया आल्या होत्या. पुढे बायकोच्या नावावर जमिनीचा तुकडा करून देण्याची लक्ष्मीमुक्तीची मोहीम त्याच चळवळीतून निघाली. मुलांनी घरचा सातबारा पाहून यायचं, पण वर्गात सांगायचं फक्त इतकंच: बाईचं नाव आहे किंवा नाही, आणि तेही चिठ्ठीवर, नावाशिवाय. चिठ्ठ्या मोजून स्तंभालेख काढायचा.

चौथ्या तासिकेत ‘मग काय करायचं’. इथे उत्साहाच्या भरात चूक होते. मुलं लगेच म्हणतात, मुख्यमंत्र्यांना पत्र लिहू. पत्र जातं, उत्तर येत नाही, आणि मुलं एकच गोष्ट शिकतात की काही होत नाही. कृती इतकी लहान निवडावी की तिचा निकाल पंधरा-तीस दिवसांत दिसेल. शाळेच्या दर्शनी भिंतीवर रोजचे तिन्ही भाव लिहिणारा फळा. पालकांच्या मदतीने माहिती अधिकारात एक अर्ज: १० रुपये शुल्क, ३० दिवसांची मुदत, प्रश्न नेमका आणि कागद मागणारा. ‘का केलं नाही’ असं विचारलं तर उत्तर टाळता येतं, ‘अमक्या कामाच्या मोजमाप पुस्तिकेची प्रत द्या’ म्हटलं तर टाळता येत नाही. किंवा शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत मुलांनी आपला आलेख मांडणं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे या समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असायला हव्यात. त्यांतल्या किती जणींना आपण सदस्य आहोत हे माहीत आहे, हा स्वतंत्र पाठ होऊ शकतो.

ज्याचं दुःख, त्यालाच नमुना करू नका

इतिहासाच्या तासाला नाशिकमध्ये काळाराम मंदिराचा सत्याग्रह येतोच. २ मार्च १९३० ला सुरू झालेला, डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखालचा, भाऊराव तथा दादासाहेब गायकवाडांनी वर्षानुवर्षं नेटाने चालवलेला. पुस्तकात त्याला दोन-चार ओळी. चिकित्सक पद्धतीने घ्यायचा तर प्रश्न असे निघतात: दार नेमकं कुणी बंद ठेवलं होतं, पुजाऱ्यांनी, कायद्याने की रिवाजाने? पोलीस कुणाच्या रक्षणासाठी उभे होते? आणि सगळ्यात अवघड: १९३४ मध्ये बाबासाहेबांनी गायकवाडांना पत्र लिहून मंदिरप्रवेशाचा आग्रह सोडायला का सांगितलं? मूर्तिपूजा हा त्या लढ्याचा हेतूच नव्हता, दलित समाजाला आपल्या स्थितीची जाणीव व्हावी आणि त्याच्यात चेतना यावी हा होता, असं ते त्यात म्हणतात. शक्ती आता शिक्षण आणि राजकारणाकडे वळवा, असंही. पुढच्याच वर्षी, १३ ऑक्टोबर १९३५ ला, येवल्याची घोषणा: हिंदू म्हणून जन्मलो तरी हिंदू म्हणून मरणार नाही. मुलांनी १९३०, १९३४ आणि १९३५ ही तीन टोकं स्वतः जोडायची असतात. शिक्षकाने जोडून दिली तर ती पुन्हा ठेव.

या पाठात एक धोका कायम असतो. चर्चा रंगात येते आणि शिक्षक, अगदी चांगल्या मनाने, एखाद्या मुलाकडे वळून म्हणतात, ‘तू सांग, तुमच्या वस्तीत कसं असतं?’ सगळ्या माना वळतात. त्या मुलाने मित्रांपासून जे सांभाळून ठेवलेलं असतं ते एका वाक्यात उघडं पडतं. जातीबद्दल बोलायचं ते वर्चस्वाच्या बाजूने सुरू करावं: गावातला पाणवठा, स्मशान, देवळाची पंचकमिटी, यांवर कुणाची नावं आहेत? यात कुणा मुलाला जखम दाखवावी लागत नाही आणि प्रश्न तर तोच येतो. कुणाला स्वतःहून सांगायचं असेल तर सांगेल, वर्गाबाहेर, त्याच्या वेळेला.

आश्रमशाळांत याच्याच जोडीला भाषेची अडचण. घरी कोकणा किंवा वारली बोलणारं मूल प्रमाण मराठीत ‘का’ विचारत नाही, कारण ‘का’ विचारायला लागणारी वाक्यरचनाच त्याच्या जिभेवर नाही. त्याला मंद समजलं जातं. फळ्यावर दोन रकाने करावेत, डावीकडे मुलाचा शब्द, उजवीकडे पुस्तकातला, आणि डावा रकाना कधीच पुसायचा नाही. चर्चा घरच्या भाषेत, नोंद मराठीत, एवढा नियम ठेवला तरी तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात प्रश्नांची संख्या मोजून फरक पाहता येतो.

मोजायचं ते हेच. परीक्षेतले गुण वेगळे, पण या कामाची नोंद ठेवायची तर दर तासिकेला तीन आकडे वहीच्या समासात लिहावेत: मुलांनी विचारलेले प्रश्न किती, ते किती वेगवेगळ्या मुलांनी विचारले, आणि त्यांतले किती प्रश्न पडताळून पाहिले. पहिल्या महिन्यात तिसरा आकडा बहुतेक वेळा शून्य राहतो, कारण पडताळायला कागद लागतो आणि कागद वर्गात नसतो. म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच एक पत्र्याची पेटी ठेवावी. नाव कापलेल्या हिशोबपट्ट्या, वर्तमानपत्रातली भावाची कात्रणं, ग्रामसभेच्या सूचना, रेशन दुकानावरच्या फलकाची नक्कल, मागच्या वर्षीच्या मुलांचे आलेख. पेटीला कुलूप नको, आणि ती शिक्षकाच्या टेबलाखाली नको. मागच्या बाकाजवळ ठेवावी.